पीयूसीला गाडी फेल झाली तेव्हा

माझ्या ओळखीतल्या एकाही माणसाची गाडी पीयूसीला, म्हणजे धुराच्या तपासणीला, कधी फेल झालेली नाही. आमची झाली, त्यानंतर मी मुद्दाम सगळ्यांना विचारत सुटले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सोसायटीत, एका मुंजीच्या पंगतीत. सगळीकडे उत्तर एकच: "पीयूसीत कोण फेल होतं?" वडिलांच्या काळातली स्कूटर असो, मालवाहू टेम्पो असो, चढावर काळा भपकारा सोडणारी डिझेलची मोठी गाडी असो, सगळ्या पास. आणि तरीही संध्याकाळी नळ स्टॉपच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. पुण्यातल्या मुली उन्हापासून बचाव म्हणून तोंडाला स्कार्फ बांधतात असं बाहेरगावच्या लोकांना वाटतं. मीही कॉलेजात असताना बांधायचे. तो उन्हासाठी होता त्याहून जास्त सहाआसनी रिक्षांच्या धुरासाठी होता.

आमची गाडी २००८ सालची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. धुराच्या सरकारी मर्यादांच्या भारत स्टेज ३ या टप्प्यातली. हा टप्पा पुणे-मुंबईसारख्या शहरांत एप्रिल २००५ मध्येच आला होता. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा आरटीओत नेऊन दाखवली, पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून घेतली. भारत स्टेज ४ आणि त्यापुढच्या गाड्यांना पीयूसी वर्षातून एकदा, आमच्यासारख्यांना दर सहा महिन्यांनी. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, ऑइल वेळच्या वेळी, काच पुसलेली, टायरमध्ये हवा बरोबर. माझ्या नवऱ्याचा त्या बाबतीत हात धरणारा कोणी नाही. त्यामुळे पंपावरच्या मुलाने मान वर करून "मॅडम, रीडिंग येत नाहीये" म्हटलं, तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं असेल.

मशीन ठीक होतं. पंपाच्या कोपऱ्यात उभी असते तशीच एक जुनी व्हॅन, मागचं दार उघडं, आत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि गॅस मोजायची पेटी. तिच्यातून निघालेली लांब नळी आमच्या सायलेन्सरमध्ये वीतभर आत खुपसलेली. मी उतरून स्क्रीनसमोर जाऊन उभी राहिले. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हळूहळू चढत गेला आणि १.८४ टक्क्यांपाशी थांबला. आमच्या गाडीला मुभा ०.५ ची. हायड्रोकार्बन मात्र ३९० पीपीएम (दर दहा लाख भागांत ३९०), म्हणजे ७५० च्या मर्यादेच्या बरंच खाली.

"टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "दुसऱ्या गाडीला नळी लावून काढून देतो. सगळ्यांचंच करावं लागतं."

त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. वयस्क बाई उन्हात उभी आहे, तिला हेलपाटा नको, एवढाच भाव होता. मी नको म्हटलं आणि स्क्रीनचा फोटो काढून घेतला. मग त्याला विचारलं, दिवसभर इथेच बसतोस, डोकं दुखतं का रे? तो जरा थांबला. "दुपारनंतर जड होतं. घरी जाऊन झोपलं की जातं."

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशेहून जास्त पट घट्ट धरून ठेवतं, हे वाक्य मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले आहे. ज्याला रंग नाही, वास नाही, जो नाकाला कळत नाही, तो वायू रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो आणि पहिली खूण म्हणून डोकं जड होतं. त्या मुलाचं डोकं कशाने दुखत होतं हे मी सांगू शकत नाही. ऊन असेल, जेवण वेळेवर नसेल. पण १.८४ टक्के म्हणजे दर दहा लाख भागांत अठरा हजार चारशे भाग. तो वायू त्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर आमच्याच गाडीतून बाहेर पडत होता, आणि मला खोटा कागद देऊन तो मला त्रासातून सोडवू पाहत होता. ते मला सहन झालं नाही.

दंडाचं म्हणाल तर तो काही लहान नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याचं नूतनीकरणही पीयूसीला बांधलं होतं. २०२४ मध्ये ती अट काढली. कायद्याचा सगळा जोर कागद जवळ आहे की नाही यावर. त्या कागदावरचे आकडे कुणी वाचत नाही. मी स्वतःच्या गाडीचे जुने कागद काढून बघितले. आदल्या वेळचा ०.३८, त्याच्या आधीचा ०.२९, त्याच्याही आधीचा ०.२१. गाडी पास होत होती आणि दरवेळी थोडी थोडी वर सरकत होती. ताप आल्यावर आपण थर्मामीटरचा आकडा बघतो, डॉक्टरांना सांगतो, वहीत लिहून ठेवतो. इथे मात्र पास-नापास एवढंच बघून कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात जातो.

आमच्या मेकॅनिकना सगळे भाऊ म्हणतात. साठी ओलांडलेली, गॅरेज भवानी पेठेच्या एका बोळात, जिथून नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं चालत गाठता येतात. मी त्यांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोनच आकडे बघून म्हणाले, "ताई, गाडी मिसिंग करत नाही. करत असती तर हायड्रोकार्बन वर गेला असता. ही पेट्रोल जास्त खातेय."

मला हे फार आवडलं. प्लगची ठिणगी चुकली की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बन वाढतो. ठिणगी बरोबर पडते, पण हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं की ते अर्धवट जळतं. कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायचे तिथे एकच मिळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हा हिशोब चुकला की काय होतं ते भाऊंना समीकरणाशिवाय ठाऊक होतं.

गॅरेजात चहाला आलेला एक रिक्षावाला म्हणाला, हे सगळं नव्या पेट्रोलमुळे. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, त्याने जुन्या गाड्यांची वाट लागली. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर इथेनॉलने खराब होतात ही तक्रार खोटी नाही. पण कार्बन मोनॉक्साइडचं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याने हा वायू कमी व्हायला मदतच होते. भाऊंनी वाद घातला नाही. प्लग खोलून माझ्या तळहातावर ठेवला. टोकाला कोरडी काळी काजळी, बोटाने पुसली तर मखमलीसारखी लागत होती. चांगल्या चाललेल्या इंजिनाचा प्लग फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचा असतो, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या गाडीचा काढून ठेवलेला प्लग शेजारी ठेवला.

एअर फिल्टर बरा होता. मग त्यांनी कापडाचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरायला पोराला सांगितलं आणि स्वतः गाडीखाली सरकून जोडांना कान लावला. फुसफुस कुठेच नाही. एखाद्या जोडातून हवा आत शिरत असेल तर सेन्सर फसतो, म्हणून हे आधी बघायचं. शेवटी स्कॅनर लावला. इंजिनाला चिकटलेल्या लोखंडी पाइपात एक ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला आहे ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सतत कळवतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं तर त्याचा व्होल्टेज ०.९ च्या आसपास जातो, हवा जास्त झाली तर ०.१ ला उतरतो, आणि धडधाकट सेन्सरची रेघ या दोघांमध्ये सारखी वरखाली होत राहते. आमची रेघ खाली, ०.१ च्या जवळ, झोपलेली होती.

"हा सांगतोय पेट्रोल कमी पडतंय," भाऊ म्हणाले. "म्हणून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसलाय." त्यांनी एअर फिल्टरच्या तोंडाशी क्लीनरचा एक फवारा मारला. इंजिन गुदमरल्यासारखं गुरगुरलं, म्हणजे मिश्रणात भर पडली हे नक्की. रेघ तशीच. त्यांनी स्कॅनर बंद केला. "गेला."

डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा एकदाही लागला नव्हता. सेन्सर हळूहळू आळसावत गेला की ते कॉम्प्युटरच्या लक्षात येतंच असं नाही. ॲव्हरेज थोडं उतरतं, पण शहरातल्या गर्दीत ते कशाने उतरलं ते कसं ओळखायचं? म्हणजे पंपावरच्या त्या व्हॅनखेरीज आम्हाला हे सांगणारं दुसरं काही नव्हतंच. त्या मुलाने दुसऱ्या गाडीला नळी लावून कागद दिला असता, तर आम्ही जास्तीचं पेट्रोल जाळत आणि जास्तीचं विष सोडत निर्धास्त फिरलो असतो. फेल होणं ही मला त्या दिवशी सेवा वाटली. अनेकांना ती नामुष्की वाटते, आणि म्हणूनच ती टाळून देण्याचे पैसे घेतले जातात.

नवा सेन्सर बसला. भाऊंनी बजावलं, थंड गाडी नळीला लावू नका, आधी चांगली वीसेक मिनिटं चालवा. सायलेन्सरच्या वाटेवर जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो तो साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसला तापल्याशिवाय कामाला लागत नाही. आम्ही चांदणी चौकापर्यंत जाऊन आलो आणि थेट त्याच व्हॅनपाशी थांबलो. आकडा आला ०.४३.

पास. नवऱ्याने खिशातून पैसे काढले, मुलगा हसला, प्रिंटर सुरू झाला. मला मात्र ते ०.४३ घरी येईपर्यंत टोचत राहिलं. भाऊंना फोन केला. ते म्हणाले, सेन्सर आपलं काम करतोय, पण कॅट, म्हणजे तो कन्व्हर्टर, दमलाय. इतके दिवस जादा पेट्रोल त्याच्या आत जाऊन जळलं, त्याने तो नको तितका तापला.

कन्व्हर्टरच्या आत चिनी मातीची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियमचा अतिशय पातळ थर. पहिले दोन धातू कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल पुरतं जाळून टाकतात, तिसरा नायट्रोजनच्या ऑक्साइडांची फोड करतो. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना तो बसवणं सक्तीचं झालं. शिशाने हे धातू निकामी होतात, म्हणून त्याबरोबरच बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, आणि २००० साली देशभरातल्या पेट्रोलमधून शिसं हद्दपार झालं. एका जाळीपायी एका पिढीच्या मुलांच्या रक्तातलं शिसं कमी झालं. वर्गात हा भाग आला की मी पुस्तक मिटून ठेवते आणि हे नीट सांगते.

हे धातू मौल्यवान, म्हणून इको व्हॅनचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो. त्याहून वाईट प्रकार राजरोस चालतो. काही गॅरेजवाले "पिकअप वाढेल" म्हणून जाळीच फोडून काढतात, भंगारात विकतात आणि रिकामा डबा परत वेल्डिंग करून बसवतात. बाहेरून गाडी होती तशीच दिसते. मालकाला दोन पैसे सुटतात, गाडी थोडी हलकी पळते, आणि पीयूसीची काळजी नसतेच, कारण पीयूसीत कोण फेल होतं? भाऊंनी मला तीन पर्याय सांगितले: कंपनीचा खरा, बाजारातला स्वस्त नकली ज्यात धातूचा थर नावालाच असतो, किंवा आहे तोच चालवा, पास तर होतेय. चौथा त्यांनी सांगितला नाही. ते काम ते करत नाहीत.

घरी यावरून बरंच बोलणं झालं. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. २०२८ मध्ये नोंदणी संपणार, गाडीची आजची किंमत ती काय, आणि तिच्या मानाने कन्व्हर्टरचा खर्च केवढा. पेट्रोलमध्ये ते पैसे वसूल होणार नाहीत. कुठेच वसूल होणार नाहीत. मी त्याला खर्चाच्या बाजूने एकही मुद्दा सांगू शकले नाही. फक्त आईच्या गॅलरीत घेऊन गेले.

आईचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली सिग्नल. तिला सीओपीडी आहे, फुप्फुसाचा कायमचा दम लागणारा आजार. आयुष्यात विडी-सिगारेटला शिवली नाही. लहानपणापासून चूल आणि म्हातारपणी हा सिग्नल. रोज सकाळी ती ओला कापूस घेऊन तुळशीची पानं एक-एक करून पुसते, आणि कापूस काळा होतो. तिने पुसलेलं पान मी दुसऱ्या दिवशी बोटाने चोळून बघितलं, पुन्हा काळं. नवरा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच भाऊंना खरा कन्व्हर्टर मागवायला सांगितला.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. आईच्या तुळशीवर बसणारी काजळी आमच्या पीयूसीत मोजलीच जात नाही. पेट्रोल गाडीची तपासणी इंजिन नुसतं चालू ठेवून होते, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन एवढंच बघतात. भारत स्टेज ४ पासूनच्या गाड्यांना मर्यादा कडक, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २००, शिवाय इंजिन वेगाने फिरवूनही मोजतात. डिझेलच्या गाडीला रेस देऊन धूर किती दाट आहे ते बघतात. पण नायट्रोजनचे ऑक्साइड, जे इंजिन ओझं ओढत असताना खऱ्या अर्थाने वाढतात, ते कुणाचेच मोजत नाहीत. फुप्फुसात खोल जाऊन बसणारे पीएम २.५ चे कणही नाहीत. तेव्हा प्रत्येक व्हॅन उद्यापासून प्रामाणिक झाली तरी आईचा श्वास मोकळा होईल असं मी म्हणणार नाही. पण जेवढं मोजतो तेवढंही खोटं मोजलं, तर पुढचं मोजायची गोष्ट कोणत्या तोंडाने करायची?

पुण्याने हा प्रश्न विचारायला हवा असं मला वाटतं, कारण याची दोन्ही टोकं इथेच आहेत. कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी चढलं की एआरएआय ही वाहनांची संशोधन संस्था लागते, १९६६ साली सुरू झालेली. फिरायला जाणारे लोक त्या टेकडीला सरळ एआरएआय टेकडी म्हणतात. देशात विकायला येणाऱ्या नव्या गाड्यांचा धूर तिथे कसोशीने तपासतात. टेकडीच्या पलीकडे पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था, जिथल्या शास्त्रज्ञांनी शहरांची हवा सांगणारी 'सफर' यंत्रणा उभी केली. गाडी जन्मते तेव्हा इथे मोजली जाते, तिच्या धुराने भरलेली हवा इथे मोजली जाते, आणि मधल्या पंधरा-वीस वर्षांची सगळी जबाबदारी पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या व्हॅनवर, गाडीमागे मोजके रुपये मिळवणाऱ्या माणसावर. त्याने गाडी फेल केली तर गिऱ्हाईक पलीकडच्या व्हॅनकडे जाणार. असा धंदा मांडून ठेवायचा आणि त्याच्याकडून खरेपणाची अपेक्षा करायची, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

हे फक्त पुण्याचं नाही. दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांबद्दल महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२५ मध्ये विधानसभेत मांडला गेला, त्यात मर्यादेपेक्षा जास्त आकडे येऊनही पास केलेल्या गाड्यांची नोंद आहे. आता सगळं सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदीत जातं, नंबर प्लेटचा फोटोही चढतो. म्हणजे आकडे आहेत. वर्षभर एकही गाडी फेल न करणारं केंद्र कोणतं, हे एखाद्या कारकुनाला एका दुपारी काढता येईल. ते काढावं, एवढीच माझी मागणी आहे. नवी घोषणा नको. आणि व्हॅनमधल्या मुलांच्या रक्ताची वर्षातून एकदा तपासणी व्हावी.

नवा कन्व्हर्टर बसल्यावर आकडा आला ०.०६. भाऊंनी जुना डबा मला दाखवून मगच रीतसर खरेदी-विक्री करणाऱ्याकडे पाठवला, पावती घेऊन.

आता साताऱ्याजवळच्या गावी असलेल्या माझ्या आतेभावाला ही गाडी हवी आहे. इतका खर्च केलेली गाडी २०२८ मध्ये भंगारात काय घालतेस, म्हणतो, मला दे, पुन्हा पासिंग करून घेईन, गावाकडे पीयूसी कोण विचारतंय. त्याची मुलं लहान आहेत आणि गाडी उभी राहणार ती घराच्या पडवीला लागून, धान्याच्या कणगीशेजारी. मी त्याला म्हटलं, दादा, गाडी देते, एक पैसा घेणार नाही. पण जाळी काढायची नाही, आणि दर सहा महिन्यांनी खऱ्या तपासणीचा कागद मला फोटो काढून पाठवायचा, आकडा ०.३ च्या वर गेला की भाऊंकडे आणायची. त्याला आधी गंमत वाटली, मग राग आला, मग त्याने वहिनीला फोन दिला. वहिनीने धुराचं सगळं नीट ऐकून घेतलं, मुलं पडवीतच झोपतात म्हणाली, आणि गाडी मागच्या अंगणात लावता येईल का ते आधी बघते, असं सांगितलंय.